पाणी सूर्येचं, मग खासदार परका कसा?

20 मे 2024ची दुपार. विरारमधल्या शाळेत लोकसभेचं मत देऊन घरी आलो, तर जिन्यात शेजारचे काका भेटले. शाई लागलेलं बोट दाखवून विचारलं, "जाऊन आलात का?" काका म्हणाले, "कशाला? आपली सीट राखीव. खासदार तिकडचा, आदिवासी भागातला. त्याच्यावाचून आपलं काय अडतंय?" एवढं बोलून ते पंप चालू करायला खाली गेले. थोड्या वेळात गच्चीवरच्या टाकीत पाणी पडू लागलं. ते पाणी सूर्या नदीचं होतं.

सूर्येवरचं धामणी धरण विक्रमगड तालुक्यात आहे आणि त्याच्या खाली कवडासचा बंधारा. हा प्रकल्प आखला गेला तो तिथल्या शेतीसाठी. पुढे शहरं फुगली आणि जलवाहिन्या वसई-विरारकडे, मग मिरा-भाईंदरकडे वळल्या. त्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या बाया चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात. तिथे पाऊस धो-धो कोसळतो, तरी होळीनंतर विहिरी तळ गाठतात. आपण पाणी पितो तिकडचं आणि खासदार मात्र 'तिकडचा' म्हणून परका ठरवतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

पालघर लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर हे चार अनुसूचित जमातींसाठी राखीव. नालासोपारा आणि वसई खुले. जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासी एक तृतीयांशाहून जास्त आहेत, म्हणून लोकसभेची जागा राखीव. पण राखीव असते ती उमेदवारी. मतदार सगळेच असतात आणि निवडून आलेला माणूस सगळ्यांचाच असतो.

शहराचं मत मोजलं जात नाही, असंही नाही. मतदारसंघांच्या फेररचनेनंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, 2009 साली, बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव दिल्लीला गेले ते प्रामुख्याने वसई-नालासोपाऱ्याच्या बळावर. 2014 साली भाजपचे चिंतामण वनगा निवडून आले. त्यांच्या निधनानंतर 2018च्या पोटनिवडणुकीत राजेंद्र गावित भाजपकडून जिंकले, तेही वनगांचेच पुत्र श्रीनिवास यांना हरवून. वर्षभरात गावित शिवसेनेचे उमेदवार झाले आणि पुन्हा जिंकले. उमेदवार कुठल्या चिन्हावर उभा राहणार हे मुंबईत ठरलं, मतदाराला कुणी विचारलं नाही. 2024ला भाजपचे डॉ. हेमंत सावरा 1 लाख 83 हजारांच्या फरकाने निवडून आले. मतदानाच्या दिवशी डहाणू-विक्रमगडात शंभरातले सत्तरहून जास्त मतदार बाहेर पडले. नालासोपाऱ्यात जेमतेम निम्मे.

आपलं एक मत किती मोलाचं, हे अमेरिकेशी तुलना केली की कळतं. तिथे वायोमिंग नावाचं राज्य आहे. राज्याची लोकसंख्या पावणेसहा लाख. आपल्या एकट्या नालासोपारा विधानसभेचे मतदार साधारण तेवढेच आहेत. त्या अख्ख्या राज्याचा प्रतिनिधिगृहात एकच सदस्य असतो आणि त्याला दर दोन वर्षांनी मत मागायला लोकांच्या दारात यावं लागतं. आपला खासदार एकवीस लाख मतदारांमागे एक, तोही पाच वर्षांनी येणार. मग मतदानाच्या त्या एका दिवशी घरी बसणं आपल्याला कसं परवडेल?

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. काय अडतंय? विरार-डहाणू मार्गाचं चौपदरीकरण रेल्वेचं काम, म्हणजे केंद्राचं. महामार्ग 48 केंद्राचा. वाढवण बंदराला मंजुरी दिली केंद्रीय मंत्रिमंडळाने, जून 2024 मध्ये, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध पोचवायचा तोही दिल्लीतच. सकाळच्या लोकलला दाराशी लटकणाऱ्या माणसाचं गाऱ्हाणं संसदेत मांडायला दुसरं कोण आहे? उमेदवारही आकडे वाचतो. जिथून मत येत नाही, तिथल्या गाऱ्हाण्याला तो कशाला धावेल?

पुढच्या खेपेला उमेदवार सोसायटीत आला की वसई-विरारने त्याला दोन प्रश्न विचारावेत. विरारच्या पुढची लोकल कधी वाढणार? आणि मोखाड्याच्या पाड्यावर नळ कधी येणार? दुसरा प्रश्नही आपणच विचारायचा, कारण सूर्येचं देणं आपल्याकडे आहे. मी काकांना मतदानाच्या सकाळीच गाठणार आहे, पंपापाशी.

– वसईकर