पाच लाखांचं कवच आहे, पण दाखल होण्याआधी आरोग्यमित्र कुठं बसतो ते विचारा

गेल्या आवणीत आमच्या आळीतल्या एका काकांच्या छातीत दुखू लागलं. पोरांनी जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. मग रेशन कार्ड पुढं केलं, तर काउंटरवर उत्तर मिळालं, "आम्ही योजनेत नाही." घरात होतं नव्हतं ते गेलं, वर सोनं गहाण पडलं.

कार्ड खरं होतं, योजनाही खरी आहे. चुकलं कुठं, ते समजून घेऊ.

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आपली वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, तिचा नंबर नोव्हेंबर २०१३ मध्ये लागला. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. तेव्हा दीड लाखाचं संरक्षण होतं, तेही पिवळ्या-केशरी कार्डाला. पांढऱ्या कार्डाचा शेतकरी विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत बसत होता, आपल्याकडचा नाही. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ही अट गेली. १ जुलै २०२४ पासून कोणत्याही रंगाचं कार्ड चालतं आणि संरक्षण वर्षाला पाच लाखांचं आहे. पण हे पाच लाख माणशी नाहीत, अख्ख्या कुटुंबाचे आहेत.

मात्र योजना चालते ती यादीवर. हॉस्पिटल यादीत हवं, आजारही यादीत हवा. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. यादीतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. तो कार्ड आणि ओळखपत्र बघून नोंद करतो, डॉक्टर कागद ऑनलाइन पाठवतात, मंजुरी आली की इलाज. तातडीच्या वेळी मंजुरी फोनवरही घेता येते. म्हणून सुनेचं, नातवाचं नाव कार्डावर आजच चढवा. आजारपणात तहसीलला खेपा होत नाहीत.

दाखल असताना औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी परतायचं भाडंही योजनेतच येतं. बाहेरून औषध आणायला लावलं तर पावती घ्या आणि १५५३८८ वर तक्रार करा.

बीपी-शुगरची रोजची गोळी मात्र या योजनेत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, त्यामुळे आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. तिथं नसेल तर जनऔषधी केंद्र बघा. त्यासाठी डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा.

सरकारनं दार मोठं केलं, हे मान्य. पण कुठलं हॉस्पिटल यादीत आहे, हे शोधायचं काम पेशंटच्या माणसांवरच पडतं, तेही जीव टांगणीला लागलेला असताना. ही यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला किती खर्च येतो? पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न आपणच विचारू.