बिल्ला, चिप आणि त्यामागची नोंद



शिरूर तालुक्यातील निमोणे गावच्या एखाद्या गोठ्यात आपण डोकावलात, तर गायीच्या कानात पिवळा बिल्ला दिसेल. त्यावरचा बारा अंकी क्रमांक ही त्या जनावराची ओळख. त्याच अंगणात बसलेल्या कुत्र्याच्या कातडीखाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप असू शकते. तिचा क्रमांक बहुधा पंधरा अंकी असतो. दोन्हींचे मर्म मात्र एकच आहे. नुसत्या क्रमांकाला मोल नसते. त्यामागची नोंद खरी आणि ताजी असेल, तरच तो उपयोगी पडतो.

चिपविषयी एक गैरसमज घरोघरी आढळतो. ती बसवली की हरवलेले जनावर मोबाइलवर दिसेल, असे अनेकांना वाटते. तसे नाही. चिपमध्ये बॅटरी नसते. पशुवैद्याने यंत्र जवळ धरले की ती केवळ क्रमांक सांगते. मालकाचे नाव, पत्ता व दूरध्वनी नोंदणी संस्थेच्या दप्तरी असतो. तेथील क्रमांक जुना झालेला असेल, तर सापडलेला कुत्राही घरी परतत नाही.

हे दप्तर सांभाळायचे कोणी? इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना आणि १० जून २०२४ पासून मांजरांना चिप सक्तीची आहे. तेथे नोंदणी संस्था अनेक आहेत. परंतु नोंदींची सुरक्षित प्रत ठेवणे, विचारणेला अहोरात्र उत्तर देणे आणि नोंद दुसऱ्या संस्थेकडे असल्यास तिकडे वाट दाखवणे या अटी कायद्याने घातल्या आहेत. अमेरिकेत असे एकसूत्री बंधन नाही. तेथील एक खासगी नोंदणी संस्था २०२५ च्या आरंभी बंद पडली, तेव्हा चिप जागेवरच राहिल्या, पण मालकांना नव्याने नोंदणी करावी लागली. आपल्या देशातही पाळीव कुत्र्या-मांजरांच्या चिपसाठी देशव्यापी सक्ती नाही. म्हणून चिप बसवतानाच विचारावे : नोंद कोठे झाली, पुरावा कोणता आणि बदल कसा करायचा?

गुराढोरांच्या बाबतीत मात्र शासनाचे दप्तर आहे. ‘भारत पशुधन’ प्रणालीत बिल्ल्याच्या क्रमांकासमोर मालकाचे नाव व लसीकरण नोंदवले जाते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात वा नैसर्गिक आपत्तीत जनावर दगावल्यास भरपाईसाठीही बिल्ला आवश्यक ठरवला आहे. बिबट्याचा वावर असलेल्या शिरूरच्या ऊसपट्ट्यात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता घरातील ज्येष्ठांकडे वळू. गाय आजोबांच्या नावावर असते आणि कुत्र्याची नोंद शहरातील मुलाच्या जुन्या मोबाइलवर. आजोबा निवर्तले किंवा मुलाने क्रमांक बदलला, तर त्या नोंदीला विचारणारे कोणी उरत नाही. एकट्या राहणाऱ्या आजींसाठी तो कुत्रा म्हणजे दिवसभराची सोबत असते. तो हरवला की त्यांची भूक आणि झोपही हरवते. म्हणून काळजीवाहकांनी शक्य तेथे नोंदीत दुसऱ्या विश्वासू व्यक्तीचाही संपर्क घालावा. वार्षिक लसीच्या वेळी चिप वाचून घ्यावी. जनावर विकले किंवा वारसाकडे गेले, की पशुवैद्यकीय दवाखान्यात मालकबदलाची नोंद करून घ्यावी. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

एक सावधगिरी विसरू नये. कुत्रा चावल्यास त्याच्या लसीची नोंद शोधण्यात वेळ दवडू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. पाळलेला कुत्रा असला, तरी हा नियम मोडू नये.

आपल्या औषधांची वही आपण जपताच. तिच्या शेवटच्या पानावर बिल्ल्याचा व चिपचा क्रमांक, नोंदणीचे ठिकाण आणि लसीची तारीख लिहून ठेवावी, आणि ती वही कोठे ठेवली आहे, हे घरातील आणखी एकाला सांगून ठेवावे.