जुनी मोटार आणि तिचे दिवे

जुन्या वस्तूंविषयीं ममत्व बाळगणें हें सुसंस्कृत मनाचें लक्षण आहे, असें आम्ही मानतों. आजोबांचें घड्याळ, आजीची पितळी समई, वाडवडिलांच्या हातची पोथी यांची जपणूक ज्या घरांत होते, त्या घरास आपल्या भूतकाळाची ओळख राहते. मोटारगाडीसही आतां हा मान मिळूं लागला आहे. २०२१ सालच्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून अधिक जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या वाहनांच्या नोंदणीसाठीं स्वतंत्र नियम केले, ही समाधानाची गोष्ट होय. नित्याच्या वापरासाठीं अशीं वाहनें रस्त्यावर आणतां येत नाहींत. पण प्रदर्शनास, दुरुस्तीस किंवा जुन्या मोटारींच्या मेळाव्यास तीं जातात, आणि परत येतांना पुष्कळदां दिवेलागण होऊन गेलेली असते. अशा वेळीं प्रश्न उद्भवतो: मूळ स्वरूप राखावयाचें म्हणजे दिवेही जसेच्या तसे ठेवावयाचे काय? आमचें मत असें कीं, मोटारीचें रूप मालकाच्या आवडीचें असूं शकेल. तिचा दिवा मात्र रस्त्यावरील सर्वांचा आहे.

मूळ स्वरूपाचे कैवारी एक गोष्ट विसरतात. मोटारीचा दिवा कधींच एका जागीं थांबलेला नाहीं. आरंभीं कार्बाइडवर पाणी पाडून निघणारा ॲसिटिलीन वायू जाळून मोटारीचे दिवे लावीत. १९१२ सालीं कॅडिलॅक गाडींत विजेचे दिवे व विजेनें इंजिन सुरू करण्याची सोय एकदमच आली. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीस १९१५ पासून विजेचे पुढील दिवे मिळाले खरे. परंतु ती वीज मॅग्नेटोची असल्यामुळें इंजिन मंदावलें कीं दिवाही मंदावे. १९४८ सालीं इंग्लंडांत निघालेल्या मॉरिस मायनर गाडीचें उदाहरण तर अधिक बोलकें आहे. हिंदुस्थान मोटर्सनें आपल्या देशांत काढलेली ‘बेबी हिंदुस्थान’ ही तिचीच बहीण. या मायनर गाडीस वळण दाखविण्यासाठीं बाजूच्या खांबांतून बाहेर येणारा लहानसा हात असे. १९६१ सालीं निर्मात्यांनींच तो काढून लुकलुकणारे दिवे बसविले. ज्या निर्मात्यांविषयीं आदर म्हणून आपण जुना दिवा कवटाळून बसतों, ते स्वतःच त्यास कवटाळून बसले नव्हते!

आतां जुना दिवा मंद कां पडतो, हें पाहूं. पुष्कळदां दोष दिव्याच्या घडणीचा नसून त्याजकडे झालेल्या दुर्लक्षाचा असतो. दिव्यामागील वाटीसारख्या परावर्तकावर चांदीचा मुलामा असे. हवेनें व ओलाव्यानें तो काळवंडतो. बॅटरीपासून निघालेला प्रवाह बारीक, जुनाट तारांतून चालकासमोरील बटणापर्यंत जातो व तेथून पुन्हां पुढें दिव्यापर्यंत येतो. वाटेंत प्रत्येक सैल जोडावर व गंजलेल्या खिळ्यावर कांहीं दाब खर्ची पडतो. परत जाण्याची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. तेथेंही गंज चढलेला असतो. ओहमचा नियम शिकलेल्या विद्यार्थ्यांस याचें कारण सांगावयास नको. मात्र परिणाम किती मोठा होतो, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. बारा व्होल्टांऐवजीं दिव्यास १०.८ व्होल्टच मिळाले, म्हणजे दाब केवळ दहावा हिस्सा घटला, तर तंतूच्या बल्बचा उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो.

म्हणून पहिला खर्च नव्या दिव्यांवर न करितां स्वच्छतेवर करावा. परावर्तकास नवा मुलामा द्यावा, जोड घासून घट्ट करावे, सांगाड्याशीं होणारी जोडणी उजळावी. त्यानंतर दिव्यांजवळ एक रिले बसवावा. हा रिले म्हणजे विद्युच्चुंबकानें चालणारी लहानशी कळ होय. चालकाचें जुनें बटण केवळ या कळीस हुकूम देतें, आणि दिव्यास लागणारा मोठा प्रवाह बॅटरीपासून जाड तारेनें, फ्यूजमधून, थेट दिव्याकडे जातो. बाहेरून गाडींत तिळमात्र फरक दिसत नाहीं. रात्रीं मात्र जुना दिवा नव्यानें जन्मास आल्यासारखा भासतो.

एवढ्यानें न भागल्यास हॅलोजन बल्बाचा विचार करावा. पण तोही हिशेबानें. साठ वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टांवर दहा अँपिअर प्रवाह घेतात. मायनरसारख्या गाडीच्या डायनामोची कमाल क्षमता सुमारे बावीस अँपिअर, आणि तीही इंजिन वेगांत असतांना. त्याच जागीं शंभर वॅटचे बल्ब बसविले, तर जवळजवळ सतरा अँपिअर केवळ पुढील दिवेच गिळतील. मग कांच पुसणारा दांडा, मागील दिवे व बॅटरी यांच्या वांट्यास काय उरणार? अधिक म्हणजे उत्तम, ही समजूत येथें पुरती फसते.

याहून गंभीर चूक म्हणजे जुन्या परावर्तकांत वाटेल तो एल्. ई. डी. बल्ब खुपसणें. जुना परावर्तक बारीक तंतूसाठीं घडविलेला असतो. तो तंतू नेमक्या ठिकाणीं असला, तरच किरण रस्त्यावर पडतात. उजेडाचें स्थान किंवा आकार बदलला कीं किरण भलतीकडे फांकतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आपणांस रस्ता दिसावा म्हणून दुसऱ्यास आंधळें करणें ही सुरक्षितता नव्हे. शेजाऱ्यावर प्रीति करावी हें आपण शाळेंत नित्य ऐकतों. अंधाऱ्या रस्त्यावर समोरून सायकलीनें येणारा अनोळखी मनुष्य हाच त्या घटकेस आपला शेजारी होय. म्हणून पुढें कोणताही बल्ब घाला, परंतु गाडी सपाट जागीं भिंतीसमोर उभी करून प्रकाशाची रेषा खालीं लावल्याविना रस्त्यावर जाऊं नका.

आमच्या मतें खरी निकड मागील दिव्यांची आहे. पुढच्या दिव्यानें आपणांस दिसतें, मागच्या दिव्यानें आपण दिसतों. आणि जुन्या संथ गाडीस मागून येणाऱ्या वेगाचें भय अधिक. जुन्या गाड्यांचे मागील दिवे रुपयाएवढे लहान व मिणमिणते; कित्येकींना तर एकच दिवा. येथें एल्. ई. डी. खरोखर उपकारक आहे. तंतूचा बल्ब तापून उजळण्यास या दिव्याहून सुमारे एकपंचमांश सेकंद अधिक घेतो. ताशीं साठ किलोमीटर वेगानें मागून येणारें वाहन तेवढ्यांत तीन मीटरांहून अधिक अंतर कापतें. एखाद्या मुलाचा जीव वांचण्यास तेवढें अंतर पुरेसें असतें. अमेरिकेंत १९८६ सालच्या गाड्यांपासून मागील कांचेजवळ तिसरा, उंचावरील ब्रेकचा दिवा सक्तीचा झाला. पुढें १९९८ सालीं तेथील सरकारी पाहणींत असें आढळलें कीं, त्यामुळें मागून बसणाऱ्या धडका ४.३ टक्के कमी झाल्या. आंकडा लहान दिसतो, परंतु त्यामागें माणसें आहेत.

हें काम करितांना तीन गोष्टी मिस्त्रीस आवर्जून सांगाव्या. तांबड्या कांचेमागें तांबडाच एल्. ई. डी. घालावा, पांढरा घातल्यास रंग फिका गुलाबी पडतो. पुष्कळ जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें. तेथें उलट जोडणीचा बल्ब पेटतच नाहीं. आणि हे बल्ब इतका थोडा प्रवाह घेतात कीं, वळणाच्या दिव्यांची जुनी लुकलुक यंत्रणा बदलल्यावांचून तीं नीट चालत नाहीं.

मूळपणा नष्ट होईल, या आक्षेपास आमचें उत्तर साधें आहे. जो बदल उद्यां जसाच्या तसा मागें घेतां येतो, त्यानें मूळपणा जात नाहीं. नवें भोंक पाडूं नये, जुनी तार कापूं नये, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटींत जपून ठेवावा. कायद्याकडे मात्र डोळेझांक करूं नये. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असे फेरफार आपल्या देशांत चालत नाहींत, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत स्पष्ट केलें आहे. तेव्हां जोडण्या दुरुस्त करण्यापलीकडे कांहीं नवें बसवावयाचें असल्यास आधीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें.

पालकांस आमची विनंती अशी कीं, घरीं जुनी फियाट असो, जीप असो वा स्कूटर असो, येत्या रविवारीं दिवेलागणीस मुलांस बरोबर घेऊन तिचे सर्व दिवे तपासावे. एकानें ब्रेक दाबावा, दुसऱ्यानें मागें उभें राहून पाहावें. विद्यार्थ्यांनींही आपल्या सायकलीची मागील तांबडी कांच पुसून ठेवावी. पूर्वजांची वस्तु जपणें हें कृतज्ञतेचें काम खरें. पण ती जपतांना रस्त्यावरील जिवंत माणूस जपणें हें त्याहून मोठें काम आहे, आणि मूठभर तार, एक रिले व थोडी मेहनत एवढ्यांत दोन्ही साधतात.