प्रशिक्षकाच्या मनावरचा भार

पॅरिसमध्ये २०२४ साली झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत भारताने २९ पदके मिळवली. सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्यपदक हे त्यांपैकीच एक. अशा यशानंतर खेळाडूच्या जिद्दीची चर्चा होते आणि ती योग्यच आहे. मात्र या खेळाडूंना घडवताना प्रशिक्षकाच्या मनावर येणाऱ्या ताणाकडे फारसे लक्ष जात नाही.

हातांविना जन्मलेल्या शीतल देवी हिला कटरा येथे तिरंदाजी शिकवणारे कुलदीप वेदवान आणि अभिलाषा चौधरी यांनी त्याआधी अशा खेळाडूला कधीच शिकवले नव्हते. धनुष्य पायाने पेलायचे आणि प्रत्यंचा खांद्याला लावलेल्या साधनाने ताणायची, हे तंत्र बसवताना साधनेही तिच्या शरीराप्रमाणे घडवावी लागली. पॅरिसमध्ये वैयक्तिक गटात ती अवघ्या एका गुणाने हरली आणि दोनच दिवसांनी राकेश कुमारच्या साथीने तिने मिश्र सांघिक कांस्यपदक जिंकले. अशा दोन दिवसांत प्रशिक्षकाला स्वतःची निराशा बाजूला ठेवून खेळाडूला सावरावे लागते.

स्वतःच्या भावना आवरून समोरच्याला हवा तो भाव दाखवण्याच्या या कामाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ म्हटले. दिव्यांग क्रीडाक्षेत्रात हे श्रम अधिक कठीण असतात. खेळाडूची कणव करून सराव सोपा केला, तर त्याची प्रगती खुंटते. फार रेटले, तर इजा होते. अपघातानंतर नुकताच खेळाकडे वळलेला तरुण गमावलेल्या शरीराचे दुःख घेऊन मैदानात येतो आणि अनेकदा ते सर्वप्रथम प्रशिक्षकापाशीच मोकळे करतो. हे ऐकून घेण्याचे प्रशिक्षण मात्र बहुतेकांना मिळालेले नसते.

शरीरशास्त्रामुळे जबाबदारी आणखी वाढते. मज्जारज्जूला मानेजवळ इजा झालेल्या खेळाडूला इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे उन्हात शरीराचे तापमान झपाट्याने वाढू शकते. मूत्राशय भरून राहिले किंवा त्वचेवर दाबामुळे जखम झाली, तर रक्तदाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. कामगिरी सुधारावी म्हणून काही खेळाडू हा रक्तदाब मुद्दाम वाढवतात. ‘बूस्टिंग’ नावाच्या या प्रकारात पक्षाघाताचाही धोका असल्याने आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने त्यावर बंदी घातली आहे. पदकाची आस धरणाऱ्या प्रशिक्षकालाच अशा वेळी खेळाडूला थांबवावे लागते. स्नायूंचा आजार वाढत जाणाऱ्या खेळाडूबाबत पेच वेगळाच असतो. भरपूर सराव करूनही त्याची ताकद घटत जाते. प्रशिक्षकाला हे दिसत असते, पण ते त्याला केव्हा आणि कसे सांगायचे, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नसते.

सतत दुसऱ्याचे दुःख पेलल्याने झोप बिघडणे, चिडचिड, अलिप्तपणा किंवा काम सोडावेसे वाटणे अशी लक्षणे दिसू शकतात. परिचारिका आणि समुपदेशकांमधील हा थकवा वैद्यकशास्त्राला परिचित आहे. प्रशिक्षकाबाबत मात्र ‘खेळात एवढे चालायचेच’ असे म्हटले जाते. याचा फटका शेवटी खेळाडूलाच बसतो, कारण थकलेल्या प्रशिक्षकाच्या नजरेतून वेदनेची खूण निसटू शकते.

यावरचे उपाय फार खर्चिक नाहीत. प्रशिक्षक अभ्यासक्रमात संवाद आणि समुपदेशनाचे प्राथमिक धडे हवेत. संघाच्या मानसतज्ज्ञाची वेळ खेळाडूंबरोबर प्रशिक्षकांनाही मिळायला हवी. वैद्यकीय निर्णयाचा भार एकट्या प्रशिक्षकावर न टाकता डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टने तो वाटून घ्यावा. प्रशिक्षक ‘आज मला जमत नाही’ असे संकोच न बाळगता म्हणू शकला, तर खेळाडूलाही आपले दुखणे लपवावे लागणार नाही.