खलनायकाला दुःखी बालपण पुरत नाही

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयाच्या माडीवर मी आठवी-नववीच्या मुलांना सिनेमे दाखवते. सिनेमा संपला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातलं वाईट कोण? एरवी दिवे लागायच्या आत उत्तर येतं. हायाओ मियाझाकींचा १९९७चा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ हा जपानी ॲनिमेशनपट दाखवला, त्या दिवशी मात्र सगळे गप्प. मग मागून एक मुलगी म्हणाली, ‘‘ताई, ती एबोशी वाईटच आहे. पण तिथल्या बायकांना विचाराल तर त्या नाही म्हणतील.’’

त्या मुलीला जे उमगलं, ते सिनेमा करणारे अलीकडे विसरत चाललेत. खलनायक खोल हवा म्हणजे त्याला एक दुःखी भूतकाळ चिकटवायचा, अशी रीतच पडली आहे. ‘टॉय स्टोरी ३’मधलं लॉट्सो हे गुलाबी अस्वल घ्या. मालकिणीकडून ते वाटेत राहिलं. कसंबसं घरी पोचलं, तर खिडकीतून तिच्या कुशीत दुसरं तसंच अस्वल दिसलं. बघताना माझेही डोळे भरतात. पण पुढे पाळणाघरात त्यानं जो जुलूम मांडला, त्याबद्दलचं माझं मत तेवढ्यानं तसूभरही हलत नाही. कीव येते, पेच पडत नाही.

एबोशीचं बालपण मियाझाकी दाखवतच नाहीत. दाखवतात ते तिचं काम. जुन्या काळच्या जपानात, डोंगराच्या कुशीत तिनं लोखंड गाळायचं गाव वसवलंय. कुंटणखान्यातून पैसे मोजून सोडवलेल्या बायका तिथं रात्रंदिवस पायांनी भाता चालवतात. काम मरणाचं आहे, पण पोटभर जेवण आहे आणि अंगाला हात लावायची कुणाची टाप नाही, असं त्याच सांगतात. आता लोखंड गाळायचं तर कोळसा हवा, कोळशाला झाडं हवीत. जंगल तोडल्याशिवाय या बायकांची चूल पेटत नाही. तिचं पुण्य आणि पाप एकाच भट्टीतून निघतं, वेगळं काढताच येत नाही.

एबोशीच्या बागेतला प्रसंग मी पुनःपुन्हा बघते. तिच्या गोळीनं पिसाळलेल्या रानडुक्कर-देवाचा शाप सिनेमाचा नायक अशिताका याच्या उजव्या हाताला चिकटलेला आहे. तो तिच्यासमोर उभा राहतो आणि तो हात आपसूक तलवारीकडे जाऊ लागतो. डाव्या हातानं तो उजवा घट्ट धरून ठेवतो. भोवती पट्ट्या गुंडाळलेले कुष्ठरोगी, तिच्यासाठी बंदुका घडवणारे. त्यांतला एक अंथरुणाला खिळलेला म्हातारा तिच्या जिवाची भीक मागतो. आम्हाला माणूस मानणारी, आमचं सडकं अंग धुणारी ही एकटीच, असं सांगतो. एबोशीच्या चेहऱ्यावर घालमेल फारशी दिसत नाही. ती घालमेल अशिताकाच्या त्या थरथरत्या हातात आहे, आणि तिथून आपल्यात येते.

आपल्या घराजवळच्या, टोकियोतल्या एका कुष्ठरोग वसाहतीत मियाझाकी स्वतः गेले होते. रुग्णांना समाजापासून तोडणारा जपानचा कायदा रद्द झाला १९९६ साली, सिनेमाच्या आदल्याच वर्षी. ती माणसं पडद्यावर उगाच आलेली नाहीत.

आणि तरी एबोशीला सूट नाही. वनदेवाचं शिर ती उडवते, जंगल राखणारी लांडगीण तिचा हात तोडते. शेवटी ज्या लांडग्यांशी ती लढली, त्यांच्यातल्याच एकाच्या पाठीवरून ती जिवंत परत येते आणि गाव पुन्हा चांगलं वसवायचं म्हणते.

मुलांसाठी ॲनिमेशन करणाऱ्या आपल्या लेखक-दिग्दर्शकांना माझं एवढंच मागणं आहे : राक्षसाला रडकथा देऊ नका, कामधंदा द्या. आणि त्या धंद्यावर ज्यांचं पोट आहे, त्यांनाही दोन वाक्यं बोलू द्या.