दारूची पाटीलकी

न्यू जर्सीत रेस्टॉरंटचं दारूचं लायसन्स म्हणजे पाटीलकी आहे. एकदा घरात आली की आली. काम करा नाहीतर करू नका, गावाला उपयोग असो नसो, ती तुमचीच. विकायची तर लाखो डॉलर मिळतात. आणि गंमत म्हणजे हे सगळं दारूबंदीवाल्यांच्या चांगल्या हेतूतून उगवलंय!

नवीन आलेल्या मंडळींसाठी आधी थोडं व्याकरण. इथे दारूविक्रीवर राज्याचं खातं लक्ष ठेवतं, पण परवाना देतं तुमच्या गावचं टाऊनशिप कौन्सिल (किंवा गावानं नेमलेलं बोर्ड). राज्यात ५६४ गावं, म्हणजे ५६४ देवळं आणि तितकेच पुजारी. किती वाजता दुकानं बंद करायची, परवान्याची वर्षाची फी किती, हे बरंचसं गाव ठरवतं. अख्खं गाव कोरडं ठेवायचं का, हेही ठरवता येतं. ओशन सिटी १८७९ मध्ये मेथडिस्ट पाद्र्यांनी वसवली तेव्हापासून कोरडी आहे. २०१२ मध्ये तिथे मतदान झालं की निदान हॉटेलात आपली वाइनची बाटली घेऊन जेवायला बसू द्यावं का, आणि लोकांनी चक्क 'नाही' म्हटलं. पूल ओलांडला की शेजारच्या गावात दुकान आहेच, तो भाग वेगळा. पण माझा ओशन सिटीशी काही झगडा नाही. गावाला विचारलं, गावानं सांगितलं, विषय संपला.

माझा झगडा आहे तो तीन हजार या आकड्याशी.

१९४७ च्या कायद्यानं कोटा आणला आणि आज तो असा आहे, की बार किंवा रेस्टॉरंटसाठी दर ३,००० वस्तीमागे एक परवाना आणि बाटल्या विकणाऱ्या दुकानांसाठी दर ७,५०० मागे एक. त्याआधीचे जे होते ते तसेच राहिले. म्हणजे पंधरा हजार वस्तीच्या गावात हिशोबानं पाच रेस्टॉरंटं. सहावा माणूस कितीही चांगला स्वयंपाकी असो, त्याला कौन्सिल परवाना देऊच शकत नाही. कौन्सिल हा आकडा कमी करू शकतं, शून्यावर आणू शकतं, वाढवू मात्र शकत नाही! आमच्या धंद्यात कोणी असा आकडा प्रोग्रॅममध्ये ठोकून बसवला आणि वर्षानुवर्षं तपासला नाही, तर त्याला घरी पाठवतात. इथे त्याला 'परंपरा' म्हणतात. १९४७ मध्ये इथल्या कित्येक उपनगरांच्या जागी शेतं होती. हायवे, मॉल, ऑफिस पार्क काही नव्हतं. रोज हजारो माणसं कामाला येतात आणि संध्याकाळी झोपायला दुसऱ्या गावी जातात, असली गावं त्या कायद्याच्या स्वप्नातही नव्हती.

मग जे व्हायचं तेच झालं. वस्तू मोजकी, गिऱ्हाईक फार. गाव परवान्याच्या नूतनीकरणाची फी वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार डॉलर घेऊ शकतं. बाजारात तोच परवाना काही लाखांना जातो, काही गावांत दहा लाखांपर्यंत. मधला फरक कुणाच्या खिशात? गावाच्या नाही, राज्याच्या नाही. वस्ती वाढून एखादा नवा परवाना निघाला तर कौन्सिल त्याचा लिलाव करतं, तेवढी एकदाच गावाला चार पैशांची ओवाळणी. त्यानंतर तो जितक्या वेळा हातोहात विकला जाईल, नफा वतनदाराचा.

आता यातली खरी मेख ऐका. कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की परवाना ही मालमत्ता नाही. वारसाहक्कानं जात नाही, गहाण टाकता येत नाही, विकता येत नाही. फक्त कौन्सिलच्या संमतीनं एका नावावरून दुसऱ्या नावावर 'हस्तांतर' होतं. आणि या 'हस्तांतरा'साठी पाच लाख डॉलर मोजले जातात! आपल्याकडे लग्नात हुंडा घेत नाहीत, फक्त 'मुलीच्या हौसेनं' देतात, त्यातलाच प्रकार. गहाण टाकता येत नाही म्हटल्यावर बँक त्यावर कर्ज द्यायला बिचकते. मग घेणार कोण? ज्याच्याकडे आधीच रोकड आहे तो. म्हणजे मोठी साखळी हॉटेलं. आमच्या ओळखीचं एक जोडपं गेली नऊ वर्षं छोटं रेस्टॉरंट चालवतंय. वहिनी स्वतः पहाटे उठून मसाले भाजतात, कोंबडीचा रस्सा असा की कोल्हापूरकरानं मान डोलवावी. दहा टेबलं. समोरच्या हायवेवर साखळीचं हॉटेल आहे, तिथलं जेवण फ्रीझरमधून येतं, पण बार आहे. धंदा कोणाचा चालतो हे सांगायला नको.

'अहो, पण बाटली घरून आणता येते ना?' येते. बीअर आणि वाइन तेवढी, तीही गावानं मनाई केली नसेल तर. पण मालकानं त्याचा एक सेंट घ्यायचा नाही. ग्लास द्यायचे, बर्फ द्यायचा, उष्टं उचलायचं आणि बिल फक्त रश्श्याचं. या अडचणीला आपण मराठी लोक 'किती स्वस्त पडतं' म्हणून कौतुकानं सांगतो. पडतं खरं. पण ती स्वस्ताई दादा-वहिनींच्या गल्ल्यातून येते, कायदा करणाऱ्याच्या नाही.

इथे आमच्या मंडळातले काही ज्येष्ठ म्हणतील, तुला दारूचा एवढा पुळका का? परवाने कमी आहेत तेच बरं. काका, मला पुळका नाही. दारू कमी व्हावी हा हेतू असेल तर मी तुमच्या बाजूनं हात वर करतो. वेळ कमी करा, फी वाढवा, दंगा झाला की परवाना काढून घ्या. पण कोट्यानं पिणं कमी होतं हे कुणी सांगितलं? कोट्यानं विकणारे कमी होतात, आणि जे उरतात त्यांच्यावर पाच लाख वसूल करायचा बोजा बसतो. तो बोजा रस्सा विकून फिटत नाही, कॉकटेल विकूनच फिटतो. म्हणजे ज्याला जेवण विकायचंय त्याला बाहेर ठेवायचं आणि ज्याला दारू खपवणं भाग आहे त्याला आत घ्यायचं. हा कुठला संयम?

शिवाय हजाराहून जास्त परवाने नुसते पडून होते. त्यांना इथे 'पॉकेट लायसन्स' म्हणतात, खिशातला परवाना. ना बार, ना टेबल, भाव चढायची वाट बघणारा कागद. २०२३ च्या सुरुवातीला तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोटाच हळूहळू मोडीत काढायचा विषय काढला, तेव्हा रेस्टॉरंटवाल्यांनीच रान उठवलं. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये जो कायदा झाला त्यात पडून राहिलेले परवाने शेजारच्या गावात नेण्याची वाट, मॉलसाठी थोडी सोय आणि छोट्या ब्रूअरींना थोडी मोकळीक, इतकंच आलं. तीन हजारला हातही लावला नाही.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, हे मान्य करू. ज्यानं घर विकून परवाना घेतला तो म्हणतो, उद्या तो फुकट वाटला तर मी काय करू? पण उत्तर काहीच न करणं हे नाही. हडसनपलीकडे न्यूयॉर्कच्या टॅक्सी मेडॅलियनचं काय झालं बघा. तोही मोजका कागद, तोही २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरवर गेला. मग ॲपवाल्या गाड्या आल्या आणि भाव कोसळला. कर्जात बुडाले ते चालक, त्यातले कितीतरी आपल्या उपखंडातले. २०२१ मध्ये त्यांनी उपोषण केलं तेव्हा कुठे शहरानं कर्जाचा मार्ग काढला. आपण होऊन उतरलं नाही की असं पडावं लागतं.

आणि हे रोग फक्त अमेरिकनांनाच होतात असं समजू नका. महाराष्ट्रात वाइन शॉपचे नवे परवाने १९७० च्या दशकात बंद झाले. आपल्याला वाटलं, वा, दारूला आळा! आळा कसला, जुन्या परवान्यांचे भाव कोटींत गेले. त्याच महाराष्ट्रात बाया 'आडवी बाटली'ला मतं देऊन दुकान बंद पाडतात, तेही मतदानाला आलेल्यांच्या नव्हे तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतांनी. हा खरा गावाचा अधिकार. कोटा हा गावाचा अधिकार नाही, वतनदाराचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात राजाला वतनदारांपासून सावध राहायला सांगितलंय ते उगाच नाही. १९५० पासून आपण देशमुख्या, कुळकर्ण्या, पाटीलक्या कायद्यानं खालसा केल्या, काहींना मोबदलाही दिला. आभाळ कोसळलं नाही.

तसंच इथे करता येईल. जेवणाच्या हॉटेलांना जागेशी बांधलेला, विकता न येणारा परवाना द्या. हॉटेल बंद झालं की तो गावाकडे परत. वर्षाची फी अडीच हजाराऐवजी भरपूर ठेवा. जुन्या मालकांना करात सवलत देऊन दहा-पंधरा वर्षांत फेडा. किती परवाने हवेत ते कौन्सिलनं ठरवावं आणि पटलं नाही तर नोव्हेंबरात आपण कौन्सिल बदलावं.

परवान्यांचं वर्ष ३० जूनला संपतं. त्याआधीच्या एखाद्या बैठकीत कौन्सिल सगळी नूतनीकरणं एका ठरावात गुंडाळून, एका मतात उरकतं. आमच्याकडे मागच्या वर्षी तो ठराव वाचायला लागला त्याहून जास्त वेळ कुत्र्यांच्या पार्कवर चर्चा झाली. बैठकीत लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो, आणि गावच्या क्लार्ककडून परवान्यांची यादी मागायचा हक्क तुम्हाआम्हाला आहे. यादी मागा. त्यातला कुठला परवाना गेली दोन वर्षं उघडलाच नाही ते शोधा आणि माइकवर जाऊन त्याचं नाव घेऊन विचारा. मी आमच्या गावात विचारणार आहे, दादा-वहिनीही येताहेत.