शाळेला स्मार्ट बोर्ड देण्याआधी

आखातात नोकरीला असलेला मुलगा सुट्टीवर श्रीवर्धनला येतो. ज्या शाळेत आपण शिकलो तिला काहीतरी द्यावे, असे त्याच्या मनात असते. हल्ली हे ‘काहीतरी’ म्हणजे बहुधा स्मार्ट बोर्ड किंवा टॅब. नियत नेक आहे. तरी वस्तू घेण्याआधी शाळेने आणि देणाऱ्याने मिळून चार प्रश्न विचारावेत.

पहिला, वीज आणि नेट नसताना ते चालेल का? ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आपण विसरलेलो नाही. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. राज्यात ऑनलाइन शाळेची तयारी चालली होती, तेव्हा इथे मोबाइल चार्ज करायचीही पंचाईत होती. धडे आधीच उतरवून ठेवता येतात का, हे पाहा.

दुसरा, मुलांची नेमकी कोणती अडचण सुटणार? सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी क्यूआर कोड आधी स्वतःच्या वर्गात वापरले. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते नंतर आले. पेरू देशात मात्र दहा लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले, पण शिकवण्याच्या पद्धतीशी त्यांचा मेळ घातला गेला नाही. मुलांची प्रगती काही वाढली नाही.

तिसरा, उपयोग होतो याचा पुरावा काय? युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानुसार, अमेरिकेतील १७ राज्यांच्या पाहणीत खरेदीआधी तज्ज्ञांनी तपासलेला पुरावा मागणारे शिक्षक व अधिकारी फक्त ११ टक्के निघाले. विक्रेत्याचा व्हिडिओ हा पुरावा नव्हे. महिनाभर एका वर्गात वापरून पाहा. आधी आणि नंतर मुलांना सारख्याच अवघडपणाचा उतारा वाचायला द्या. फरक कानांना कळेल.

चौथा, वॉरंटी संपल्यावर दुरुस्ती कोण करणार, आणि पैसे कुठून येणार?

हे प्रश्न घरातल्या बायकांनीही विचारावेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. बैठकीला जाऊन नुसती सही करून परतू नका.

परदेशात घाम गाळून मिळवलेला पैसा शाळेकडे अमानत असतो. तो कपाटात धूळ खात पडण्यापेक्षा आधी चार प्रश्न विचारलेले बरे.